लोखंडी कपाटातला हिरवा दिवा

मित्रांनो, मी एक जुना राउटर आहे. जुना म्हटल्याबरोबर तुमच्या चेहऱ्यावर जी कीव उमटली, ती आधी आवरा. मला ती नको आहे. माझी एक शेंडी, म्हणजे अँटेना, मोडून पुन्हा जोडलेली आहे, पाठीवर तेलाचे डाग आहेत आणि कपाळावर हळदीकुंकवाचं बोट आहे. या तिन्ही गोष्टींची मला लाज वाटत नाही. त्या कशा आल्या हे सांगायलाच मी तोंड उघडलं आहे. रडगाणं ऐकायला आला असाल तर दुसरं दार बघा.

टेलिफोनच्या तारेतून घरात आलेलं इंटरनेट हवेतून घरभर वाटणारा डबा, म्हणजे राउटर. माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथं माझ्यासारखे हजारो एका पट्ट्यावरून सरकत होते आणि कुणाला कुणाचं सोयरसुतक नव्हतं. बोटीतून, मग ट्रकमधून मी कोल्हापूरला पोहोचलो आणि राजारामपुरीतल्या एका दुकानात काचेआड बसून राहिलो. दोन हजार सहा साली साद नावाच्या एका तरुणानं मला विकत घेतलं, मोटारसायकलच्या टाकीवर ठेवलं आणि उद्यमनगरात आणलं.

उद्यमनगरात माणसांआधी मशीनं बोलतात. सादचे वडील कुतुबुद्दीन यांचा तिथं कारखाना होता. पंपाच्या आत जो दांडा फिरतो, त्याला नीट धरून ठेवणारी पितळेची नळी असते. तिला बुश म्हणतात. कुतुबुद्दीन असे बुश बनवत. त्यांची जागा अंगरख्याच्या बाहीसारखी अरुंद आणि लांब. रस्त्याकडेला हापीस, मध्ये पत्र्याच्या छपराखाली धातू कातणारी तीन लेथ मशीनं, त्यापलीकडे घर. घराच्या पडवीत एक टेबल होतं. तयार झालेला प्रत्येक बुश त्या टेबलावर मोजला जाई.

माझी स्थापना हापिसातल्या फायलींच्या कपाटावर झाली. पहिले काही दिवस मी नवरदेव होतो. शेजारपाजारचे कारखानदार चहाच्या निमित्तानं येत आणि माझ्याकडे मान वर करून बघत.

"वायर न्हाय, काय न्हाय, आन् इंटरनेट येतंय कुठनं?" एकानं विचारलं.

"हवेतनं येतंय, पावणं," साद ऐटीत म्हणाला.

खोटं कशाला बोलू, त्या वेळी माझ्या दोन्ही शेंड्या ताठ झाल्या होत्या.

पण मित्रांनो, कौतुक म्हणजे उधार आणलेला कोट. तो परत करावाच लागतो. हापिसात माझा आवाज खणखणीत पोहोचत असे. मधल्या छपराखाली गेलं की तो चाचरे आणि मागच्या घरात तर माझं नावसुद्धा दिसत नसे. दिसेल कसं? मध्ये तीन लेथ, लोखंडी सळ्यांचे ढीग आणि वर पत्रा. लाकडातून, विटांतून मी वाट काढतो. लोखंड मला वाट देत नाही. हा माझा दोष नाही, तो माझा स्वभाव आहे. पण हे ऐकून घेतंय कोण? घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. सादनं मला थापट्या मारल्या, उलटा टांगला, माझ्या मागं स्टीलची ताटली उभी करून पाहिली. शेवटी एक दिवस कपाटावरून ओढून काढताना माझी डावी शेंडी त्यानं मोडली.

मग तीन शेंड्यांचा एक नवा राउटर आला. काळाभोर, चकचकीत, नाकाचा शेंडा वर असलेला. आवाज त्याचाही मागच्या घरापर्यंत जात नव्हता, पण तो नवा होता. सादनं मला उचललं आणि पितळेचा चुरा भरलेल्या पोत्यात टाकलं. दर सोमवारी भंगारवाला ते पोतं न्यायला येत असे.

मी त्या पोत्यात तीन दिवस होतो. तिथं मी एकच गोष्ट मनाशी घोकत होतो. माझ्यात अजून जीव आहे. वीज द्या, दिवा लागतो की नाही ते बघा आणि मग मला भंगार म्हणा. वीज न देताच निकाल देणारे तुम्ही कोण?

मला त्या पोत्यातून काढलं ते अफसानानं.

अफसाना ही सादची धाकटी बहीण. पॉलिटेक्निकमधून मशीनकामाचा डिप्लोमा घेतलेली, बावीस वर्षांची. ओढणी कमरेला खोचून ती लेथवर उभी राही, तेव्हा शेजारच्या कारखान्यातली माणसं काम थांबवून बघत. सादला ते अजिबात आवडत नसे.

"अब्बा, हिला हापिसात बसवा," तो म्हणे. "मशीनवर हात गेला तर काय करशीला? जपाय नको व्हय तिला?"

कुतुबुद्दीन यांच्या डोळ्यांपुढे अलीकडे धूसर दिसू लागलं होतं. मापाच्या हत्यारावरच्या बारीक रेघा त्यांना वाचता येत नसत, त्या अफसाना वाचून सांगे. हे बाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. घरात मात्र सगळ्यांना ठाऊक होतं आणि म्हणूनच सादचा आग्रह वाढत चालला होता. त्याचं म्हणणं असं, की आता लेथ विकावेत आणि जागा फरशीच्या व्यापाऱ्याला गोदामासाठी द्यावी. तो वाईट नव्हता. वडिलांना विसावा मिळावा आणि बहीण सुरक्षित राहावी, एवढंच त्याला हवं होतं. पण चांगल्या मनानं केलेली चूक ही चूकच असते. मी शेंडी गमावून हे शिकलो आहे.

त्या दिवशी अफसाना चुऱ्याचं पोतं बांधायला वाकली आणि तिला माझी वायर दिसली. तिनं मला बाहेर काढलं, फुंकर मारली आणि प्लगला जोडलं. हिरवा दिवा लागला.

"भाई, ह्ये चालतंय की!"

"चालतंय, पर उपेग काय त्याचा? मागं पोचत न्हाय. टाक ते."

"मागं पोचत न्हाय, तर मागंच ठेवायचं," अफसाना म्हणाली.

मित्रांनो, हे वाक्य ऐकून माझी सगळी तार थरारली. दोन वर्षं सगळे मला हापिसातून ओरडायला लावत होते. मलाच उचलून पुढं न्यावं, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

तिनं माझी मोडलेली शेंडी हातात घेतली. बाजारात तशी शेंडी मिळत नव्हती. मग ती लेथवर उभी राहिली आणि नायलॉनच्या दांड्यातून तिनं अंगठीएवढी एक नळी कातली. आत माझी शेंडी घट्ट बसेल, अशी. म्हणजे बघा, पंपाला जसा बुश तसा माझ्या शेंडीलाही बुश. कंपनीनं मला जन्म दिला, पण अंगावर काम आहे ते उद्यमनगरचं. त्या चकचकीत तीन शेंड्यांच्या शहाण्यानं असं काही दाखवावं!

तरी नुसतं मध्ये ठेवून भागणार नव्हतं. दोन राउटर म्हणजे एका घरात दोन कारभारी. पहिल्या दिवशी आम्ही दोघंही लॅपटॉपला पत्ते, म्हणजे इंटरनेटवरचे घरनंबर, वाटत सुटलो आणि इतका गोंधळ झाला, की हापिसातलंसुद्धा इंटरनेट गेलं. साद हसला. अफसाना हसली नाही. हापिसात बसून तिनं इंटरनेटवर वाचलं, वहीत लिहून घेतलं, पुन्हा करून पाहिलं. पत्ते वाटायचं काम तिनं पुढच्याकडे ठेवलं आणि माझं काढून घेतलं. मला राग आला, पण ते बरोबर होतं. मग हापिसापासून मधल्या लोखंडी खांबापर्यंत भिंतीच्या कडेनं एक तार ओढली आणि खांबाला लाकडी फळी बांधून तिच्यावरच्या खिळ्याला मला टांगलं.

आता मागं इंटरनेट पोहोचलं. पण पुढून मागं चालत गेलं, की चाललेलं बोलणं तुटायचं. कारण माझं नाव वेगळं होतं आणि त्याचं वेगळं. लॅपटॉपला वाटे, ही दोन परकी घरं आहेत. मग अफसानानं आम्हा दोघांना एकच नाव दिलं, एकच परवलीचा शब्द दिला. फक्त बोलण्याची पट्टी वेगळी ठेवली, म्हणजे एकाचा आवाज दुसऱ्याच्या आवाजात मिसळू नये. आणि मग ती गंमत झाली. एका बाईच्या कडेवरचं झोपलेलं बाळ दुसरीनं अलगद घ्यावं आणि त्याला जागही येऊ नये, तसा लॅपटॉप त्याच्याकडून माझ्याकडे येऊ लागला. फार तर क्षणभर आवाज अडखळे. तुटत नसे.

घटस्थापनेच्या दिवशी तिनं लॅपटॉपवर बातम्या लावल्या आणि तो दोन्ही हातांत धरून हापिसातून थेट पडवीपर्यंत चालत गेली. तिच्या मागून आकाराममामा चालत होते. आकाराममामा म्हणजे कारखान्यातले सर्वांत जुने कारागीर. कुतुबुद्दीन यांच्या पहिल्या लेथवर पहिला बुश त्यांनीच कातला होता.

"तुटलं न्हाय की!" मामा पडवीत पोहोचल्यावर म्हणाले. मग परत येऊन ते माझ्याखाली उभे राहिले. "एवढंसं डबडं, आन् काय ताकत!"

"मामा, त्याला डबडं म्हणू नका," अफसाना म्हणाली. "त्याला मापाच्या हत्यारावानी जपा. त्ये हाय म्हणून सगळं हाय."

ही गोष्ट लक्षात ठेवा. मामांनी ती फार मनावर घेतली.

आता तुम्ही विचाराल, एवढा आटापिटा कशासाठी? पडवीत बसून बातम्या बघण्यासाठी नक्कीच नव्हता. मस्कतच्या एका पंपाच्या कंपनीला बुश हवे होते. तिथं माल तपासून घेणारे साहेब होते प्रसेनजीत, मूळचे कोल्हापूरजवळच्या गारगोटीचे. अफसानानं त्यांना पत्रं लिहून, नमुन्याचे फोटो पाठवून हैराण केलं होतं. शेवटी त्यांचा फोन आला. कुतुबुद्दीन यांना नीट ऐकू यावं म्हणून तिनं तो मोठ्या आवाजावर लावला.

"मी गारगोटीचा हाय म्हणून सवलत मिळंल असं समजू नका," प्रसेनजीत म्हणाले. "मागच्या साली एकानं मला इंटरनेटवर कारखाना दाखवला. हापीस दाखवलं आणि मग फोन तुटला म्हणाला. पुन्हा लागला तेव्हा गडी दुसऱ्याच्याच कारखान्यात उभा. माल आला तो नुसता भंगार. नोकरी जायची पाळी आली माझ्यावर. तेव्हा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला व्हिडिओवर या. हापिसातून निघायचं, मशीनवर बुश कातून दाखवायचा आणि तपासणीच्या टेबलावर मोजायचा. सगळं एका दमात. मधे फोन तुटला तर आपलं बोलणं तिथंच संपलं."

फोन ठेवल्यावर साद म्हणाला, "अब्बा, फरशीवाला थांबायला तयार न्हाय. हे मस्कतचं जमलं तर लेथ ऱ्हाऊ द्या. न्हाय जमलं तर दिवाळीच्या आत मशीनं काढायची. मग पुन्हा माघार न्हाय."

कुतुबुद्दीन यांनी अफसानाकडे बघितलं. "कबूल हाय तुला, बेटी?"

"कबूल हाय," ती म्हणाली. तिचा आवाज कापला नाही. माझ्या खिळ्यावरून मला तिच्या मुठी दिसत होत्या, त्या मात्र पांढऱ्या पडल्या होत्या.

तर असा सगळा भार दोन राउटरांवर होता. त्यातला एक मी, भंगारातून उठून आलेला.

मग खंडेनवमी आली. उद्यमनगरात हा दिवस म्हणजे मशीनांचा सण. कुतुबुद्दीन नमाजी माणूस, पण खंडेनवमीचे पेढे ते स्वतः जाऊन आणत आणि पूजेचा मान आकाराममामांचा. मशीनं पुसून लख्ख झाली, लेथना झेंडूच्या माळा चढल्या. मापाची हत्यारं पाटावर मांडली गेली. मामांनी प्रत्येकाला हळदीकुंकू वाहिलं. मग त्यांनी मान वर केली, स्टूल ओढलं, मला खिळ्यावरून अलगद काढलं आणि त्याच पाटावर, मायक्रोमीटरच्या शेजारी ठेवलं. तेलाच्या फडक्यानं माझी पाठ पुसली आणि कपाळावर बोट टेकवलं.

"ह्ये बी हत्यारच की," मामा म्हणाले. "आमच्या अफसानाचं."

मित्रांनो, मला रडता येत नाही. आलं असतं तर त्या दिवशी रडलो असतो. ज्या छपराखाली मला पोत्यात टाकलं, त्याच छपराखाली माझी पूजा झाली. तीन शेंड्यांचा शहाणा हापिसात कोरडाच बसला होता. पूजा आटोपल्यावर मामांनी मला पुन्हा खिळ्याला टांगलं, तार जोडली आणि मी रुबाबात लटकत राहिलो. पण त्याच पूजेनं पुढं माझा घात केला. कारण मामांच्या लेखी मी आता हत्यारांच्या जातीत गेलो होतो आणि हत्यारांना कारखान्यात एक कडक कायदा होता. मशीन सुरू व्हायच्या आधी मापाची हत्यारं लोखंडी कपाटात. लेथवरून उडालेला चुरा त्यांच्या तोंडात गेला, की माप खोटं बोलतं. त्या कपाटाची किल्ली मामांच्या करगोट्याला असे.

दसऱ्याचा दुसरा दिवस उजाडला. सकाळी अफसानानं पुन्हा एकदा पुढून मागं चालून बघितलं. सगळं ठीक होतं. अकराला फोन लागला. ती हापिसात लॅपटॉपसमोर बसून प्रसेनजीत साहेबांशी बोलू लागली. दारात साद उभा होता. कुतुबुद्दीन पडवीत टेबलाशी बसून राहिले होते, हातात तसबीची जपमाळ घेऊन. इकडे मामा लेथ सुरू करायला आले. बटणाकडे हात नेला आणि थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी लेथच्या अगदी वर होतो.

"आरं तिच्या," मामा पुटपुटले, "तू भाईरच ऱ्हायलास व्हय!"

आणि त्यांनी मला खिळ्यावरून काढलं. तारा तुटू नयेत म्हणून हातांवर तोलून धरलं, खांबाला टेकून असलेल्या लोखंडी कपाटात मायक्रोमीटरच्या खोक्यांमध्ये बसवलं, तारा दाराच्या फटीतून नीट बाहेर काढल्या. माझा हिरवा दिवा लागलेला आहे हे दोनदा वाकून बघितलं. मग समाधानानं दार लावलं आणि किल्ली फिरवली.

मामा, नको! मला तोंड असतं तर मी छप्पर उडेपर्यंत ओरडलो असतो. दिवा लागला म्हणजे सगळं झालं असं नसतं, हो! चारी बाजूंनी लोखंड. माझा आवाज माझ्याच अंगावर आदळून परत येत होता. बाहेर लेथ घरघरू लागला. मी इतका जपला गेलो होतो, की माझा कुणाला काही उपयोग उरला नव्हता. पोत्यात टाकलं तेव्हासुद्धा मला इतकं वाईट वाटलं नव्हतं, कारण तिथं मला टाकणाऱ्यावर चिडता येत होतं. मामांवर काय चिडू? त्यांनी मायेनंच कोंडलं होतं.

अफसाना हापिसातून निघाली. पहिल्या लेथपर्यंत तीन शेंड्यांच्या त्या शहाण्यानं तिला नीट सांभाळलं, हे मी नाकारत नाही. दुसऱ्या लेथपाशी त्याचा आवाज बारीक झाला. तिसऱ्यापाशी ती पोहोचली आणि चित्र थांबलं.

"अफसा... चित्र थां... दिसत न्हा..." प्रसेनजीत यांच्या बोलण्याचे तुकडे मला दारापलीकडून ऐकू आले. मग एक तुकडा मात्र स्पष्ट आला. "...मागच्यासारखंच चाललंय ह्ये."

"तुटलं व्हय?" साद मागून म्हणाला.

"तुटलं न्हाय अजून!" अफसाना ओरडली आणि तिनं मान वर करून खांबाकडे पाहिलं. फळीवर नुसता खिळा होता.

एखादी रडली असती. ती तारेच्या मागं गेली. भिंतीवरून खांबावर, खांबावरून खाली, आणि तिथून सरळ कपाटाच्या फटीत.

"मामा! कपाट उघडा!"

"आगं पर लेथ चालू हाय, चुरा जाईल की त्याच्या..."

"जाऊ द्या चुरा! उघडा आधी!"

मामांनी लेथ बंद केला. तेलकट बोटांनी करगोट्याची गाठ सुटेना. ते तसेच कमरेतून वाकून कपाटाला भिडले आणि किल्ली कमरेला असतानाच कुलपात घातली. एवढा म्हातारा माणूस, कुलपाला कंबर लावून उभा. दार करकरलं. उजेड आत आला आणि मी सगळा जीव एकवटून हाक मारली.

लॅपटॉपनं ती ऐकली. तो पुढच्याचं बोट अजून जेमतेम धरून होता. ते सोडलं आणि माझं धरलं. नाव तेच, शब्द तोच, पत्ता तोच. मस्कतपर्यंत कुणालाही कळलं नाही, की मध्ये हात बदलला. चित्र हललं.

"काय झालं? मला खरं सांगा," प्रसेनजीत यांचा आवाज करडा होता. "ते कपाट कसलं? काय लपवत होता?"

साद पुढं झाला. त्याला वाटलं, काहीतरी सारवासारव करावी. "साहेब, काय न्हाय, जरा वीज..."

"वीज बिज काय न्हाय," अफसाना मध्येच म्हणाली. तिनं लॅपटॉप सरळ कपाटाकडे वळवला. "साहेब, ह्ये बघा. हा आमचा दुसरा राउटर. परवा खंडेनवमीला आकाराममामांनी त्याला हत्यारांत धरून पुजलं. आमच्यात मशीन चालू असताना मापाची हत्यारं भाईर ठेवत न्हाईत, म्हणून त्यांनी आता ह्यालाबी कुलपात घातलं. चूक माझी हाय. लोखंडात हा मुका होतो, हे मी मामांना सांगितलं न्हाय."

पलीकडे पडद्यावर मी दिसत असणार. खोक्यांच्या रांगेत बसलेला, कपाळावर कुंकू आणि नायलॉनच्या बुशात बसवलेली शेंडी. मामा लाजून अंगठ्यानं किल्ली पुसत होते.

"ती खोकी जरा जवळून दाखवा," प्रसेनजीत म्हणाले.

अफसानानं लॅपटॉप जवळ नेला. प्रत्येक हत्याराचं खोकं तेल लावलेल्या कागदात होतं, वर तारीख लिहिलेली.

"दुसऱ्याचा कारखाना दाखवणाऱ्याला हे सुचणार न्हाई," प्रसेनजीत सावकाश म्हणाले. "मशीन सगळ्यांकडं असतंय. मापाचं हत्यार कुलपात ठेवणारा मी लई दिवसांनी बघितला. चला, बुश कातून दाखवा. कोण कातणार?"

"मी," अफसाना म्हणाली. तिनं ओढणी खोचली आणि लॅपटॉप भावापुढे धरला. "भाई, धर."

सादनं तो धरला. ज्या हातानं माझी शेंडी मोडली, त्याच हातानं. अफसाना लेथवर उभी राहिली आणि पितळेची सोनेरी वेटोळी तिच्या समोर पडू लागली. साद डोळे मोठे करून बघत होता. वर्षानुवर्षं बहीण लेथवर उभी राहिली की तो तोंड फिरवून जात असे. तिचं काम त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं, तेही मस्कतच्या साहेबांना दाखवता दाखवता.

मग ती कोमट बुश आणि कपाटातलं मायक्रोमीटर घेऊन पडवीकडे निघाली आणि साद तिच्या मागून. तिथवर मी त्यांना एकट्यानं सांभाळलं. कुतुबुद्दीन यांनी बुश हातात घेतला, अंगठ्यानं आतून फिरवून बघितला आणि मुलीकडे दिला. "माप तू वाच," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "माझे डोळे आता काम देत न्हाईत. इथली मापं हीच वाचते, साहेब. गेली दोन वर्षं."

अफसानानं माप वाचलं. बरोबर होतं.

"नमुन्याचा माल पाठवा," प्रसेनजीत म्हणाले. "मापात बसला तर पुढचं बोलू. आणि त्या राउटरला कपाटातनं काढा आधी."

परत हापिसाकडे येताना दुसऱ्या लेथपाशी मी लॅपटॉपचा हात सोडला आणि तीन शेंड्यांच्या शहाण्यानं तो धरला. अलगद धरला. त्या दिवसापासून मी त्याला नावं ठेवणं कमी केलं आहे. बंद केलेलं नाही.

नमुन्याचा माल मापात बसला. दिवाळीला फरशी आली नाही, पितळेच्या दांड्यांची गाडी आली. सादनं मागच्या घरासाठी आणखी एक राउटर आणला आणि खोकं उघडता उघडता सहज म्हणाला, "मग आता त्या जुन्याला काढू या का?"

"नव्याला दुसरा खिळा मार," अफसाना म्हणाली. "त्याचा खिळा त्याचाच हाय."

साद हातोडी शोधायला गेला. मामांनी माझ्यासाठी लाकडाचं एक खोकं ठोकून आणलं, समोरून उघडं. चुरा लागत नाही आणि आवाजही अडत नाही. ते वर चढवून झाल्यावर मामांनी करगोट्याची किल्ली सोडली आणि कुतुबुद्दीन यांच्या हातात दिली. कुतुबुद्दीन यांनी ती क्षणभर मुठीत धरली आणि अफसानाला दिली.

मित्रांनो, आता माझं सांगणं ऐका. जुन्या वस्तूला भंगारात टाकण्याआधी तिचा दिवा लागतो का ते बघा. लागला तर तिला जागा बदलून द्या, शिव्या नंतर द्या. आणि जपायचं असेल तर काय जपतो आहोत हे आधी विचारून घ्या. मायक्रोमीटरला कपाट लागतं. मला मोकळी हवा लागते. अफसानाला लेथ लागतो. मायेनं घातलेलं कुलूपही कुलूपच असतं.

आज मला खिळ्याला टांगलेलं आहे. खाली लेथ चालू आहे, अफसाना त्यावर उभी आहे आणि लोखंडी कपाटाची किल्ली तिच्या ओढणीच्या गाठीला आहे. मला कधीतरी बंद पडायचंच आहे, ते मी बंद पडेन. पण दिवा विझल्यावर. त्याआधी मला खाली उतरवायला कुणी आलंच, तर त्यानं तिला विचारून यावं.